बदाम सुटल्यावर

टाचणीच्या नराला मिलनाआधी एक काम एकट्यानेच उरकून घ्यावं लागतं. त्याचे शुक्राणू बाहेर येतात ते उदराच्या नवव्या खंडातून, म्हणजे जवळजवळ शेपटीच्या टोकाशी. ते मादीच्या शरीरात पोचवणारा अवयव मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूला, पंखांच्या मुळाजवळ असतो. या दोन ठिकाणांना जोडणारी नळी शरीरात नाही. म्हणून नर आपलं काडीसारखं उदर खाली वाकवून पुढे आणतो, टोक दुसऱ्या खंडाला टेकवतो आणि स्वतःचेच शुक्राणू स्वतःच्याच दुसऱ्या अवयवात भरून ठेवतो. थोड्या वेळाचं काम, पाहणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. पण कीटकांच्या अफाट जगात ही तऱ्हा फक्त चतुर आणि टाचण्या यांच्या गणात सापडते, आणि या पुस्तकात पुढे जे जे काही येणार आहे त्याची सुरुवात या विचित्र रचनेत आहे.

जननाचा अवयव पुढे गेल्यामुळे शेपटीचं टोक दुसऱ्या कामाला मोकळं झालं. तिथे टाचणीच्या नराला चार लहान उपांगं असतात. दोन वरची, दोन खालची. त्यांचा चिमटा करून तो मादीला पकडतो. चतुराचा नर मादीचं डोकं पकडतो, टाचणीचा नर तिच्या डोक्यामागचा वक्षाचा पहिला खंड. मग दोघं पुढे-मागे जोडलेले, एका ओळीत उडू लागतात. इथवरचं सगळं नराच्या हातात आहे. त्यापुढे मात्र त्याला जोर करून काही साधत नाही. मादीने आपलं उदर खालून वर वळवून नराच्या दुसऱ्या खंडापर्यंत नेलं, तरच मिलन होतं. तिने नाही नेलं, तर नर तिला घेऊन तासभर फिरला तरी रिकामाच राहतो. पकडणं नराचं, जुळणं मादीचं. तिने उदर वर नेलं की दोन वाकलेल्या शरीरांची मिळून पत्त्यांतल्या बदामासारखी आकृती तयार होते.

पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या ओढ्यांवर आणि गावोगावच्या तळ्यांवर या बदामांचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. फोटो सुंदर येतात आणि त्यांच्याखाली प्रेमाच्या ओळी लिहिल्या जातात. त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही, कारण अनेकांना टाचणी पहिल्यांदा दिसते ती अशा फोटोतच. अडचण एवढीच की फोटो मिळाला की माणूस उठतो. बदामाच्या आधी काय झालं आणि बदाम सुटल्यावर काय होणार आहे, हे पाहायला तो थांबत नाही. टाचण्यांच्या बाबतीत खरी कहाणी तर तिथेच आहे. मिलन हा एक क्षण नसून अंडी घातली जाईपर्यंत चाललेली वाटाघाट आहे. त्यात नराचं हित आणि मादीचं हित काही पावलं बरोबर चालतं, काही पावलांवर फुटतं. ही वाटाघाट शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय टाचणी कळत नाही, हे या पुस्तकाचं सांगणं आहे. प्रस्तावनेत त्या सांगण्याची फक्त आखणी करतो.

आधी थोडी ओळख. चतुर आणि टाचण्या मिळून जगात सहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या साधारण निम्म्या टाचण्या. भारतात दोन्ही मिळून सुमारे ५०० जाती आढळतात. चतुर दणकट, बसला तरी पंख पसरलेले, डोळे बहुधा एकमेकांना चिकटलेले. टाचणी सडपातळ, दोन डोळे दोन टोकांना, आणि बसली की बहुतेक जातींमध्ये पंख पाठीवर मिटलेले. दोघांचंही बालपण पाण्यात जातं. म्हणून प्रौढ कीटक कितीही लांब भटकला तरी जोडीदार शोधायला आणि अंडी घालायला तो पाण्याशी परत येतो. नरांना हे पक्कं ठाऊक असल्यासारखे ते पाण्याशीच ठाण मांडून बसतात. माद्या इतर वेळी काठापासून दूर, झाडझुडपांत, खाण्यात गुंतलेल्या असतात. अंडी तयार झाली की त्या पाण्यावर येतात. म्हणजे कोणत्याही क्षणी काठावर नर पुष्कळ आणि तयार माद्या थोड्या. या एका विषमतेतून नरांची भांडणं, प्रदर्शनं, पहारे, सगळं निघतं.

प्रणयाराधन सगळ्याच टाचण्या करतात असं नाही. तळ्याकाठच्या, गवतात वावरणाऱ्या बहुतेक जातींमध्ये नर मादी दिसताच सरळ झेप घेऊन तिला पकडतो. नाच नाही, विनवणी नाही. वाहत्या पाण्यावरच्या काही कुळांमध्ये मात्र नर आधी स्वतःला दाखवतो, आणि तिथे पाहण्यासारखं खूप आहे. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांवर ‘न्यूरोबेसिस चायनेन्सिस’ ही टाचणी राहते. लिनियसने १७५८ मध्येच तिला शास्त्रीय नाव दिलं होतं. नर कातळावर पंख मिटून बसलेला असतो तेव्हा तपकिरी, कुणाच्या नजरेत न भरणारा. पंख उघडले की मागच्या पंखांचा वरचा पृष्ठभाग हिरव्या धातूसारखा झळाळतो. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पंखांच्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म थरांतून प्रकाश परतताना तो निर्माण होतो, त्यामुळे कोन बदलला की झळाळी पेटते आणि विझते. मादीसमोर नर हेच मागचे पंख उघडून दाखवत उडतो. मादीचे पंख फिक्या मधाळ रंगाचे, त्यांवर पांढरे ठिपके. तिला स्वतःला काही दाखवायचं नसतं. तिला निवडायचं असतं.

पण ती निवडते काय? नराचा रंग, की त्याची जागा? युरोपातल्या ‘कॅलॉप्टेरिक्स’ वंशातल्या टाचण्यांनी या प्रश्नाला मजेशीर वळण दिलं. तिथला नर मादीसमोर थरथरत उडतो आणि मध्येच स्वतःला पाण्यावर झोकून देतो. पंख पसरलेले, शेपटीचं टोक वर, त्याखालचा फिका किंवा लालसर भाग मादीला दिसेल असा. प्रवाह त्याला थोडा वाहून नेतो, मग तो उठतो. गिबन्स आणि पेन या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की या उडीतून प्रवाहाचा वेग उघड होतो. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात अंड्यांना प्राणवायू मिळतो आणि ती चांगली वाढतात. म्हणजे नर आपलं शौर्य दाखवता दाखवता बाळंतपणाच्या जागेचा दाखलाही देत असतो. वाहत्या पाण्यावरच्या इतर कुळांतही जागेचं महत्त्व असंच आहे. आपल्याकडच्या ‘हेलिओसायफा बायसिग्नाटा’ या काळ्या-लाल, तांबूस चमकीच्या पंखांच्या टाचणीच्या कुळात बहुतेक माद्या पाण्यात पडलेल्या, कुजत आलेल्या लाकडात अंडी घालतात. त्यामुळे नरांचं सगळं लक्ष अशा ओंडक्यांवर असतं. आफ्रिकेत याच कुळातला ‘प्लॅटिसायफा कॅलिगाटा’ हा नर तर मादीसमोर आपले पांढरे, रुंदावलेले पाय थरथरवत उडतो. प्रदर्शन पायांचं, आणि बोलणी ओंडक्याची.

जागा हवी म्हटल्यावर भांडणं आलीच. टाचण्यांचे नर एकमेकांना क्वचितच इजा करतात. ते समोरासमोर, कधी गोल गोल, उडत राहतात आणि अखेर एकजण निघून जातो. हरणारा का हरतो? जेम्स मार्डेन आणि जोनाथन वागे यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा’ या टाचणीत लांबलेल्या झुंजींचा हिशोब मांडला. जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकलेल्या नराच्या अंगात चरबीचा साठा जास्त निघाला. आकार किंवा ताकद यांपेक्षा दम महत्त्वाचा. ज्याचं इंधन आधी संपतं तो जागा सोडतो. युरोपातल्या जातींमध्ये मायकल सिवा-जोथी यांनी पंखांवरच्या गडद डागांचा संबंध परजीवींशी झुंजण्याच्या शक्तीशी जोडला. डाग मेलॅनिनचा असतो, आणि शरीरात शिरलेल्या परजीवीभोवती आवरण घालायला कीटक तेच मेलॅनिन वापरतात. मादी डाग पाहते तेव्हा तिला नराच्या आरोग्याचाही थोडाफार अंदाज मिळत असावा.

ज्याला जागा राखता येत नाही त्याने काय करावं? जपानमधल्या ‘म्नायस’ वंशातल्या टाचण्यांनी याचं वेगळंच उत्तर शोधलं. एकाच जातीत दोन तऱ्हांचे नर असतात. नारिंगी पंखांचा नर जागा राखतो, भांडतो. पारदर्शक पंखांचा नर मादीसारखा दिसतो, कुणाशी भांडत नाही आणि संधी साधून दुसऱ्याच्या जागेवर येणाऱ्या मादीशी जुळतो. हा फरक आनुवंशिक आहे. दोन्ही तऱ्हा टिकून आहेत, म्हणजे दोन्ही आपापल्या परीने चालतात. प्रणयाराधनावरच्या प्रकरणात या जोडीला आम्ही बरीच जागा दिली आहे, कारण ‘सबळ नर जिंकतो’ हे सोपं वाक्य तिथे अडखळतं.

पकडीचं प्रकरण पुस्तकात वेगळं ठेवलं आहे. शेपटीच्या टोकाची ती चार उपांगं प्रत्येक जातीत निराळ्या घडणीची असतात आणि मादीच्या वक्षावरची जागाही त्यांना साजेशी. नर घाईत बऱ्याचदा चुकीच्या जातीच्या मादीवर झडप घालतात. डेनिस पॉलसन यांनी १९७४ मध्ये टाचण्यांच्या निरनिराळ्या जातींतल्या अशा जोड्यांचा अभ्यास करून दाखवलं की एक तर चिमटा नीट बसत नाही, किंवा बसला तरी मादी जुळायला नकार देते. स्पर्शाने ती नराची जात ओळखते. वर्गीकरण करणाऱ्यांनाही याच उपांगांचा आधार आहे. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या भारतात सेवा केलेल्या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ या काळात भारतीय चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. त्यांत जातीमागून जातीच्या या उपांगांची चित्रं आहेत आणि आजही अभ्यासक ती उघडतात. सह्याद्रीच्या ओढ्यांवरच्या ‘यूफेया फ्रेझरी’ या टाचणीला त्याचंच नाव आहे. २०२१ मध्ये साताऱ्याजवळच्या ठोसेघरहून ‘यूफेया ठोसेघरेन्सिस’ ही नवी जात नोंदली गेली. त्याआधी २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून ‘सेरियाग्रियॉन क्रोमोथोरॅक्स’ आली. अशा कामात नराच्या शेपटीचं टोक भिंगाखाली पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माणसाने जात ओळखायला जी खूण निवडली, ती मादी कधीपासूनच वापरत आलेली आहे.

आता बदामाच्या आत काय होतं ते. १९७० मध्ये जेफ्री पार्कर यांनी कीटकांमधल्या शुक्राणूंच्या स्पर्धेची कल्पना मांडली. मादी एकाहून अधिक नरांशी जुळत असेल आणि शुक्राणू साठवून ठेवत असेल, तर नरांची स्पर्धा मिलनाबरोबर संपत नाही, ती मादीच्या शरीरात सुरू राहते. नऊ वर्षांनी वागे यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात चार पानांहूनही छोटा लेख लिहिला आणि ही स्पर्धा कशी लढली जाते ते दाखवून दिलं. ‘कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा’च्या जोड्या त्यांनी मिलनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवल्या आणि मादीच्या शुक्रकोशात किती शुक्राणू आहेत ते मोजलं. मिलन मध्यावर असताना कोश जवळजवळ रिकामे, संपल्यावर पुन्हा भरलेले. नराच्या अवयवावर मागे वळलेले बारीक काटे आहेत. त्यांच्या साहाय्याने तो आधीच्या नराचे ८८ ते १०० टक्के शुक्राणू बाहेर काढतो आणि मग स्वतःचे सोडतो. मिलनाचा बहुतेक वेळ साफसफाईत जातो, पेरणी शेवटच्या थोड्या क्षणांत उरकते. जननेंद्रिय फक्त शुक्राणू देण्यासाठी असतं या समजुतीला या निष्कर्षाने धक्का दिला, आणि प्राणिवर्तनाच्या पाठ्यपुस्तकांत टाचणीला कायमची जागा मिळाली.

या शोधाची गोष्ट सांगताना नराच्या चलाखीचं कौतुक करून थांबायचा मोह होतो. पण मादीकडे साठवणीच्या बहुधा दोन जागा असतात. एक मोठी पिशवी आणि तिला जोडलेली, अरुंद वाटेची दुसरी. अनेक जातींमध्ये नराचा अवयव दुसऱ्या जागेत पोचू शकत नाही. तिथले जुने शुक्राणू मादीच्या ताब्यात राहतात. ‘कॅलॉप्टेरिक्स हेमॉरॉयडालिस’ या जातीत तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं निघालं. अलेक्स कोर्दोबा-आगिलार यांनी १९९९ मध्ये दाखवलं की इथला नर दुसऱ्या जागेतले शुक्राणू ओरबाडून काढत नाही, तो मादीच्याच यंत्रणेला चाळवतो. अंडं बाहेर येताना मादीच्या मार्गातल्या संवेदी केसांवर दाब पडतो आणि त्या इशाऱ्यावर ती अंड्यासाठी शुक्राणू सोडते. नर मिलनात त्याच केसांना चेतवतो आणि मादी अंडं नसतानाच साठा बाहेर टाकते. एकाने कुलूप बनवावं आणि दुसऱ्याने त्याची किल्ली शोधावी, तशी ही उत्क्रांतीतली चढाओढ आहे. आणि कुलूपही कायम तेच राहत नाही.

मग प्रश्न येतो, मादी पुन्हा पुन्हा का जुळते? एका मिलनातले शुक्राणू तिला पुष्कळ अंड्यांना पुरतात. उत्तर बऱ्याच अंशी पाण्याकाठच्या गर्दीत आहे. अंडी घालायला ती आली की नर तिच्यावर झडपा घालतात, तिला धड बसू देत नाहीत. ज्या नराची जागा आहे त्याच्याशी ती जुळली, तर तिला त्याच्या जागेत त्रासाशिवाय अंडी घालता येतात. नरालाही पहारा द्यावाच लागतो. दुसऱ्या नराने तिला पकडलं तर आपण आत ठेवलेलं सगळं बाहेर जाणार, हे स्पर्धेचं गणित त्याच्याही विरोधात आहे. म्हणून मिलनानंतर लगेच घातलेली अंडी त्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची. इथे दोघांचं हित जुळतं.

पहाऱ्याच्या तऱ्हा मात्र जातीनुसार पालटतात, आणि वाचकाला आपल्या आसपास सहज पाहता येतील अशा याच गोष्टी आहेत. ‘कॅलॉप्टेरिक्स’चा नर मादीला सोडतो आणि जवळ बसून राखण करतो. त्याचं मिलन काही मिनिटांत आटोपलेलं असतं. आपल्या तळ्यांवर, बागांतल्या हौदांवरसुद्धा दिसणारी पिवळ्या शेपटीची ‘सेरियाग्रियॉन कोरोमँडेलियानम’ पाहा. नर मादीला सोडतच नाही. ती पाणवनस्पतीच्या देठावर बसून अंडी घालते आणि तो तिच्या वक्षाला शेपटीने धरून, पाय आखडून, सरळ उभा राहतो. कशाचाही आधार नाही. अभ्यासक या उभं राहण्याला पहारेकऱ्याची मुद्रा म्हणतात. मध्य भारतातल्या या टाचणीच्या पहाऱ्याचा अभ्यास नागपूरच्या रेमंड अँड्र्यू आणि सहकाऱ्यांनी केला आहे. याच तळ्यावर ‘इस्क्नुरा’ वंशातल्या टाचण्या वेगळा मार्ग धरतात. त्या जुळतात त्या कित्येक तास. पीटर मिलर यांनी युरोपातल्या ‘इस्क्नुरा एलिगन्स’चे हे लांबलचक बदाम बारकाईने अभ्यासले. नर दिवसाचा मोठा भाग मादीला धरून ठेवतो. ती सुटते तेव्हा दिवस कलत आलेला असतो, इतर नर विरळ झालेले असतात आणि ती एकटीच अंडी घालते. मिलन हाच पहारा.

काही माद्या पहाऱ्याला पाण्याखाली घेऊन जातात. टाचण्यांच्या माद्यांना अंडी टोचून घालण्याचा धारदार अवयव असतो. त्याने त्या देठात, मुळांत, कुजक्या लाकडात बारीक छिद्र करून एकेक अंडं आत ठेवतात. पाण्याची पातळी खाली गेली तरी अंडी वाळू नयेत म्हणून काही जातींच्या माद्या देठाला धरून उतरत उतरत पूर्ण बुडतात. अंगावरच्या केसांत आणि पंखांत अडकलेल्या हवेवर त्या बराच वेळ पाण्याखाली राहू शकतात. उत्तर अमेरिकेतल्या ‘एनालाग्मा हगेनाय’ या जातीवर ओला फिंकी यांनी काम केलं. तिथला नर वर थांबून वाट पाहतो. पाण्यावर आलेल्या मादीला पृष्ठताण सोडत नाही, ती पंख पसरून अडकून पडते. अशा वेळी नर तिला पकडून पाण्याबाहेर ओढून काढतो. ओढून काढणारा नेहमी तोच नर असतो असं नाही, आणि ओढल्यानंतर तो बहुधा पुन्हा जुळायला बघतो. मदत आणि स्वार्थ यांची सीमारेषा इथे आखता येत नाही. ती आखायचा प्रयत्न पुस्तकात आम्ही टाळला आहे.

माद्यांच्या बाजूची सगळ्यांत चकित करणारी गोष्ट रंगाची. ‘इस्क्नुरा सेनेगालेन्सिस’ महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तळ्यावर आहे. तिच्या काही माद्या नराहून वेगळ्या रंगाच्या, तर काही हुबेहूब नरासारख्या, शेपटीच्या निळ्या टोकासकट. नवखा निरीक्षक ‘दोन नर जुळलेत’ असं लिहून मोकळा होतो. नरांचाही गोंधळ होतोच आणि त्यातच या माद्यांचा फायदा आहे. नरासारखी दिसली की त्रास कमी, अंडी घालायला वेळ जास्त. मग सगळ्याच माद्या नरासारख्या का झाल्या नाहीत? कारण नर शिकतात. ज्या रूपाच्या माद्या जास्त भेटतात त्या रूपामागे ते लागतात. एक रूप फार वाढलं की त्याच्या वाट्याला जाच वाढतो आणि दुसरं सावरतं. जपानमधल्या युमा ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच जातीत हा झोका दाखवून दिला. २०२४ मध्ये ‘इस्क्नुरा एलिगन्स’मधल्या या रूपांमागचा जनुकीय भाग शोधला गेला, आणि नरासारख्या माद्यांच्या काही जनुकीय खुणा ‘सेनेगालेन्सिस’मध्येही सापडल्या. म्हणजे हे सोंग दोन जातींना एकाच जुन्या पूर्वजाकडून आलं असावं. आपल्या गावच्या तळ्यावर बसून कुणीही या रूपांची मोजदाद करू शकतो. त्याला वही आणि पेन्सिल पुरते.

आणि ज्या कथेत नराशिवाय पान हलत नाही असं वाटत होतं, तिथे नर पूर्णपणे गळलेलं एक उदाहरणही आहे. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर ‘इस्क्नुरा हस्टाटा’च्या फक्त माद्या आहेत. अमेरिकेत हीच जात नर-माद्यांनी नांदते. बेटांवर मात्र मादी फलनाशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच होतात. चतुर-टाचण्यांच्या साऱ्या गणात निसर्गात असं घडल्याचं हे एकमेव ज्ञात उदाहरण. पकड, पहारा, साफसफाई, सोंग, काहीच नाही. त्या प्रकरणाचा आकार लहान आहे, पण बाकीच्या पुस्तकाला ते एका अर्थाने ताळा म्हणून उपयोगी पडतं.

हे सगळं वाचताना एक सूत्र ध्यानात ठेवावं. टाचणीच्या मिलनातला जवळजवळ प्रत्येक पेच अंडी घालण्याच्या जागेशी येऊन थांबतो. प्रवाहाचा वेग, बुडालेलं लाकूड, काठावरचं गवत, पाण्यात लोंबणारी मुळं. हे नसेल तर नराकडे राखायला काही उरत नाही आणि मादीकडे निवडायला काही उरत नाही. ओढ्याचा काठ सिमेंटने बांधला, ‘सफाई’ म्हणून पात्रातले ओंडके आणि वनस्पती उपसून काढल्या, तळ्याभोवती फरशी घातली, की पाणी तेवढंच दिसतं, पण प्रणयाराधनाची भूमी नाहीशी होते. उडणाऱ्या प्रौढ टाचण्या आणखी काही आठवडे दिसत राहतात आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. पुढच्या वर्षी त्या येत नाहीत. सह्याद्रीतल्या ज्या जाती एखाद-दोन खोऱ्यांपुरत्याच आहेत, त्यांच्या बाबतीत हे नुकसान भरून निघण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे या पुस्तकात संवर्धनाचं स्वतंत्र प्रकरण नाही. ते प्रत्येक प्रकरणात आहे.

वापराविषयी दोन शब्द. प्रकरणांचा क्रम मिलनाच्या क्रमाने आहे : जागा, प्रदर्शन, पकड, जुळणं, पहारा, अंडी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आपल्या भागात पाहता येतील अशा जाती दिल्या आहेत. ऊन पडलेली जागा निवडावी, सकाळी दहाच्या सुमारास बसावं, काठावरून येरझारा घालू नयेत. जवळचं दाखवणारी दुर्बीण जाळीपेक्षा कितीतरी कामाची. जुळलेली जोडी पकडू नये, कारण पकडली तर पुढचं सगळं थांबतं आणि आपल्याला पुढचंच पाहायचं आहे. बदाम दिसला की घड्याळ पाहून वेळ लिहावी. नराच्या उदराची हालचाल जोमदार आहे की मंद, हे लिहावं, कारण सुरुवातीची जोरदार लय बहुधा साफसफाईची असते. बदाम सुटला की नर धरून आहे, जवळ बसला आहे की निघून गेला, ते लिहावं. आणि मग मादीच्या मागे राहावं. ती कोणत्या झाडाच्या कोणत्या भागात अंडी घालते, पाण्याच्या वर की खाली, एकटी की पहाऱ्यात. आपल्याकडच्या बहुसंख्य जातींचे रंग, आकार आणि पत्ते नोंदले गेले आहेत. त्यांचं वागणं अजून नीट लिहिलं गेलेलं नाही. ते लिहायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. काठावर उन्हात बसायची तयारी लागते आणि फोटो मिळाल्यावरही न उठण्याची. प्रत्येक जातीच्या पानाला म्हणूनच रुंद समास सोडला आहे. तो भरून आला की पुढची आवृत्ती वाचकांनीच लिहिलेली असेल.